ज्यांची नावं विचारायची राहून गेली त्यांचे आभार

यजमान व्हेंटिलेटरवर होते तेव्हा ज्यांनी ज्यांनी आमच्यासाठी प्रार्थना केली, त्या सगळ्यांचे मनापासून आभार. आमच्या चर्चच्या मंडळीतली माणसं ओळखीची आहेत, त्यांना मी भेटेनच. हे लिहिते आहे ते ज्यांची नावंही मला ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी.

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर शेजारी येऊन बसलेल्या ताई, तुमचे आधी. "विश्वास ठेवा, सगळं ठीक होईल" हे तोवर इतक्यांनी ऐकवलं होतं की त्या वाक्याचाच धसका बसला होता. तुम्ही तसलं काही बोलला नाहीत. कडा झिजलेलं पवित्र शास्त्र (बायबल) उघडलंत आणि त्यातलं 88 वं स्तोत्र हळू आवाजात वाचलंत. ते अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळही नाही. तरी ती हाक देवालाच मारलेली आहे. भीतीने गळाठलेल्या माणसालाही प्रार्थना करता येते, हे तेव्हा उमगलं. क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत खुद्द येशूनेही हा दुःखाचा प्याला टळून जावा असं म्हटलंच होतं की!

रात्रपाळीच्या सिस्टर काचेआडून हाताने खूण करायच्या, श्वास नीट चाललाय म्हणून. (हे काही त्यांच्या कामात बसत नव्हतं.) रक्त देऊन नाव न सांगता निघून गेलेला तो मुलगा, आणि फोनवरच्या प्रार्थनासाखळीत रात्री-अपरात्री जागलेले अनोळखी आवाज, तुमचेही आभार.

यजमान आता घरी आहेत, भिंतीला धरून चालतात. ताई, हे वाचनात आलं तर निरोप धाडा. त्यांना तुम्हाला भेटायचंय.