सुहासला, लॉन आणि गांधीलमाश्यांबद्दल

पुणे,
14 एप्रिल

प्रिय सुहास,

तुझं पत्र मिळालं, फोटोही नीट पाहिले. लॉन पिवळं पडतंय म्हणून तू रोज संध्याकाळी पाइप धरून उभा राहतोस आणि गांधीलमाश्या वाढल्यात म्हणून पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवायच्या बेतात आहेस. दोन्ही थांबव. तुझ्या दोन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक एकच आहे: पाणी.

रोज वरवर शिंपडलं की मुळं वरच्या दोन इंचांतच रेंगाळतात, आणि नाशिकच्या एप्रिलमध्ये नेमका तोच थर दुपारपर्यंत कोरडा ठणठणीत होतो. आठवड्यातून दोनदाच दे, पण भरपूर. हिशोब सोपा आहे. एक मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. तुझं 800 चौरस फुटांचं लॉन म्हणजे साधारण 75 चौरस मीटर. आठवड्याला 25 मिलिमीटर धरलं तर सुमारे 1,900 लिटर. वीस लिटरची बादली तुझ्या पाइपाने किती वेळात भरते ते घड्याळ लावून बघ. एका मिनिटात भरत असेल तर प्रत्येक वेळी पाऊण तासाच्या जरा वर पाणी लागेल. मे महिन्यात आणखी एक पाळी वाढव. पाणी मुरण्याआधीच कडेने वाहायला लागलं तर बंद कर, अर्ध्या तासाने पुन्हा सुरू कर. नंतर लांब स्क्रू-ड्रायव्हर जमिनीत खुपस. सहा इंच सहज गेला तर पाणी पोचलं. दोन इंचांवर अडला तर तुझं सगळं पाणी उन्हाने प्यायलं.

वेळ पहाटे पाच ते साडेसात. संध्याकाळी दिलेल्या पाण्याने पाती रात्रभर ओली राहतात, आणि वळवाच्या आधी हवा दमट झाली की बुरशीचे गोल तपकिरी चट्टे पडतात. मग लोक त्याला पाण्याची तहान समजून अजून पाणी घालतात!

फोटो मोठा करून पाहिला तर पात्यांची टोकं चिंध्यांसारखी फाटलेली आणि पांढुरकी दिसली. हा उन्हाचा दोष नाही, गवत कापायच्या मशीनचं पातं बोथट झालंय. धार लावून आण. गवत हरळीच्या जातीचं दिसतं, तेव्हा एरवी इंचभर ठेवतोस ते आता दीड-दोन इंच ठेव. लांब पात्यांची सावली मातीवर पडते. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नकोस, आणि कापलेलं बारीक गवत तिथेच राहू दे. युरिया द्यायचाच असेल तर अख्ख्या लॉनला 400 ग्रॅमच्या वर नको. कोरड्या पात्यांवर, चाळलेल्या मातीत मिसळून टाक आणि लगेच पाणी दे. नुसता मुठीने भिरकावलास की जिथे खडे पडतील तिथे जळके ठिपके उठतील.

आता माश्या. उन्हाळ्यात गांधीलमाशीला पाणी दोन कामांना लागतं: लाकडाचा चोथा भिजवून पोळ्याचा कागद करायला आणि तापलेलं पोळं गार ठेवायला. मधमाश्याही पोळं गार करायला पाणी नेतात. तुझा गळका नळ आणि संध्याकाळची डबकी म्हणजे त्यांची पाणपोई. आधी झोपाळ्यापासून तीसेक फूट लांब, सावलीत, मातीचा उथळ परळ ठेव. त्यात पाण्याच्या वर डोकावतील असे दगड घाल. त्यांना ती जागा सापडली की मग नळाचा वॉशर बदल. परळ कोरडा पडू देऊ नकोस, आणि दर दोन दिवसांनी घासून पाणी बदल, नाहीतर डास पाळशील.

छज्जाखालचं पोळं तळहाताएवढं आहे, घरं उघडी, खाली तोंड केलेली, वर बारीक देठ. ही साधी गांधीलमाशी. ती अळ्या धरून पिलांना भरवते, त्यामुळे तुझ्या लिंबाची आणि वांग्याची राखण आपोआप होते. पोळं दहा-बारा फुटांवर असेल आणि खालून ये-जा नसेल तर राहू दे. दाराजवळचं मात्र काढ. पूर्ण अंधार पडल्यावर, जाड कपडे, हातमोजे, डोक्याला जाळी, टॉर्चला लाल जिलेटीन. एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे भांड्यांचं लिक्विड घालून फवारणीच्या पंपाने बाजूला उभं राहून मार. बरोबर खाली उभा राहू नकोस, माश्या अंगावर पडतील. साबणाने श्वासाची छिद्रं बंद होतात आणि त्या गळून पडतात. पोळ्याबरोबर देठही खरवडून टाक. पलिते पेटवण्याचा उद्योग नको, छज्जाच्या आधी वायरिंग जळतं.

मोठी, काळपट, पोटावर एकच ठसठशीत पिवळा पट्टा असलेली माशी जमिनीतल्या किंवा भिंतीतल्या भोकात जाताना दिसली तर स्वतः हात घालू नकोस, भोकही बुजवू नकोस. बाहेरची वाट बंद झाली की ती घरात वाट काढते. तिथे माणूस बोलव. आग्या मोहोळ असेल तर तेच, शिवाय खाली धूर नको, दिवे नकोत. खिडकीच्या चौकटीवरचं मातीचं घर कुंभारीणीचं. ती सहसा वाटेला जात नाही, तिला सोड.

मशीन चालवण्याआधी दुपारी पाच मिनिटं लॉनवर नजर ठेव. एखाद्या भोकात सारखी ये-जा असेल तर तिथे मशीन नेऊ नकोस. थरथरीने त्या चवताळतात.

कुणाला चावलीच तर: मधमाशीची नांगी रुतून राहते, ती नखाने ताबडतोब काढ, कशी काढली यापेक्षा किती लवकर काढली ते महत्त्वाचं. चिरडू नकोस, त्या वासाने बाकीच्या येतात. गांधीलमाशीची नांगी राहत नाही, पण ती पुन्हापुन्हा डसते. साबणाने धू, फडक्यात बर्फ गुंडाळून दहा मिनिटं धर, हाताला चावली असेल तर अंगठी आधी काढ. लोखंड घासणं, चुना लावणं यात वेळ घालवू नकोस. अंगभर गांध्या, ओठ-जीभ सुजणं, धाप, उलटी, चक्कर यातलं काहीही दिसलं तर थेट 108. अनेक डंख झाले असतील तर माणूस ठीक दिसला तरी दवाखाना. मूत्रपिंडाचा त्रास एक-दोन दिवसांनी समोर येतो.

वळवाचा पहिला चांगला पाऊस झाला की संध्याकाळी कडुनिंबाखाली चादर पसरून फांद्या हलव. तपकिरी भुंगेरे पडतील ते साबणाच्या पाण्यात टाक. त्यांचीच पिल्लं म्हणजे हुमणी, पावसाळ्यात गवताची मुळं खाणारी. ऑगस्टमध्ये गवत सतरंजीसारखं उचललं गेलं तर तीच. आणि त्याच सुमारास काही केसाळ, काळसर गांधीलमाश्या लॉनवर अगदी खालून घिरट्या घालताना दिसल्या तर फवारा उचलू नकोस. त्या मातीतली हुमणी हुडकून तिच्यावर अंडी घालतात.

नवीन गवताचे तुकडे जूनच्या उत्तरार्धापर्यंत लावू नकोस. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मिलिंद