बहात्तराव्या फाइटआधी

ती. आई आणि ती. बाबा यांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबा, तुम्ही विचारलंत, "आता एकूण किती झाल्या?" मी म्हटलं, एकाहत्तर. तुम्ही लगेच म्हणालात, "त्यातल्या अठ्ठावन्न." म्हणजे हरलेल्या. माझ्या बॉक्सिंगच्या फाइटची वही समोर उघडी असणार, लाल पेनाने लिहिलेली. नऊ जिंकल्या आणि चार बरोबरीत सुटल्या, हे आकडे तुमच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत. रागावलो नाही, खरंच. पण तुम्ही वहीत जे लिहिता आणि मी रिंगमध्ये जाऊन जे करतो, त्यात फार अंतर पडलंय. ते फोनवर मिटायचं नाही, म्हणून पत्र. आईला नेहमीसारखं मोठ्याने वाचून दाखवा. मधला एक परिच्छेद गाळायचा आहे. तो आला की सांगतो.

आई, तू मागे एकदा साधेपणाने विचारलं होतंस, "तू हरायलाच जातोस का रे?" मी विषय बदलला होता. आज सांगतो.

छोट्या हॉलमधल्या बॉक्सिंगचं सगळं गणित तिकिटांवर चालतं. टीव्ही नसतो, जाहिरातदार नसतो. ज्या मुलाच्या मागे दोनशे-तीनशे माणसं तिकीट काढून येतात, तो 'होम' कॉर्नरचा. त्याने विकलेल्या तिकिटांतून त्याचं मानधन निघतं आणि समोर उभ्या राहणाऱ्याचंही. साहजिकच त्याच्यासमोर कोणाला उभं करायचं, हे त्याची माणसं ठरवतात. मी व्यावसायिक झालो तेव्हा पहिल्या सहापैकी पाच जिंकलो होतो. वहीचं पहिलं पान बघा, तिथे शाई निळी आहे. पण मला तिकिटं विकता येत नव्हती. माणसांना फोन करून "या ना बघायला" म्हणणं मला ठोसा खाण्यापेक्षा अवघड जातं. सातव्या फाइटला मी पहिल्यांदा दुसऱ्या कॉर्नरमध्ये उभा राहिलो. मानधन ठरलेलं, तिकिटांची कटकट नाही. तिथेच राहिलो.

या कॉर्नरच्या माणसाला आमच्यात 'जर्नीमन' म्हणतात. त्याला गुरुवारी फोन येतो, शनिवारी फाइट असते. "तब्येत कशी आहे" हा पहिला प्रश्न कधीच नसतो. पहिला प्रश्न "वजन किती आहे?" म्हणून मी वर्षभर अडुसष्टच्या आसपास असतो. माझा वजनगट वेल्टरवेट, त्याची मर्यादा १४७ पौंड, म्हणजे ६६.६८ किलो. दीड किलो मी दोन दिवसांत उतरवतो, घाम गाळून आणि पाणी आवरून. समोरचा पोरगा मात्र महिनाभर तयारी करून पंचाहत्तरवरून खाली आलेला असतो. वजन आदल्या दिवशी होतं. काट्यावरून उतरल्यापासून घंटा वाजेपर्यंत त्याला चोवीस तास मिळतात आणि तेवढ्यात तो पुन्हा त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर होतो. कागदावर आम्ही दोघे एकाच वजनाचे. रिंगमध्ये पहिल्यांदा मिठीत आलो की अंगावरच्या भाराने कळतं, हा माझ्यापेक्षा पाच किलोंनी जड आहे.

बाबा, इथे तुम्ही हेन्री आर्मस्ट्राँग काढणार. १९३८ साली फेदरवेटचा, म्हणजे बऱ्याच हलक्या गटाचा, विजेता असताना त्याने बार्नी रॉसकडून वेल्टरवेटचा किताब घेतला आणि त्याच वर्षी लाइटवेटचाही जिंकून तीन किताब एकदम सांभाळले. मान्य. पण तो आर्मस्ट्राँग होता.

मग मी करतो काय? चार राउंड, तीन-तीन मिनिटांचे. प्रत्येक राउंड जिंकणाऱ्याला दहा, हरणाऱ्याला नऊ. चारही हरलो की ४०-३६. तुमच्या वहीत हा आकडा किती वेळा आलाय मोजा. तुम्हाला त्यात चार राउंडची हार दिसते. मला त्यात बारा मिनिटं दिसतात. एक तरुण, ताजा, माझ्याहून जड माणूस हॉलभर आपली माणसं ओरडत असताना मला पाडायला बघत होता, आणि त्याला ते जमलं नाही. हनुवटी खांद्यामागे, कोपरं बरगड्यांना चिकटलेली, ठोसा येईल तसं डोकं त्याच दिशेने थोडं सोडायचं म्हणजे निम्मा जोर वाया जातो. तो चिडून आत आला की मिठी. त्याचा उजवा हात माझ्या काखेत धरायचा, कपाळ त्याच्या खांद्यावर टेकवायचं आणि रेफरी सोडवेपर्यंत श्वास घ्यायचा. दिसायला कंटाळवाणं आहे. पण हे शिकायला मला पाच वर्षं लागली.

पॉइंटवर हरलो तर पुढच्या शनिवारी पुन्हा काम करता येतं. रेफरीने थांबवलं, तर डॉक्टर सक्तीची रजा देतात, साधारण तीस दिवस. नॉकआउट असेल तर साठ, कधी नव्वद. तेवढे दिवस कमाई शून्य. अठ्ठावन्नपैकी मला फक्त तीनदा थांबवलंय, त्यातही दोनदा भुवई फुटली म्हणून. माझ्या धंद्यात विचारतात तो हा आकडा. वहीत तो वेगळा लिहिलेलाच नाही. पीटर बकली नावाचा एक इंग्लिश बॉक्सर २००८ मध्ये निवृत्त झाला तेव्हा त्याच्या ३०० फाइट झाल्या होत्या, पैकी २५६ हरलेल्या. लोक हसतात. आम्ही हसत नाही. तीनशे वेळा तो डॉक्टरच्या तपासणीतून पार पडून रिंगमध्ये चढला होता.

बाबा, आता हा परिच्छेद आईला वाचू नका. १९६२ च्या मार्चमध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनला एमिल ग्रिफिथ आणि बेनी पॅरेट यांची वेल्टरवेटच्याच किताबाची फाइट होती. बाराव्या राउंडमध्ये पॅरेट कोपऱ्यात अडकला, दोरांमुळे खाली पडू शकला नाही, आणि ग्रिफिथ मारत राहिला. रेफरीला उशीर झाला. टीव्हीवर थेट दिसत होतं. दहा दिवसांनी पॅरेट गेला. ग्रिफिथ पुढे १९७७ पर्यंत खेळला, पण त्या रात्रीतून तो बाहेर पडला नाही. हे तुम्हाला यासाठी सांगतोय की माझी ती एक फाइट, जी रेफरीने मी उभा असताना थांबवली आणि तुम्ही फोनवर "लवकर थांबवली, अन्याय झाला" म्हणालात, तो अन्याय नव्हता. मी दोरांवर होतो आणि उत्तर देत नव्हतो. त्या रेफरीला मी नंतर जाऊन हात मिळवला.

(आई, त्यांनी वाचून दाखवला असणार, मला माहीत आहे. मी ठीक आहे. दर वर्षी मेंदूचा स्कॅन होतो, डोळे तपासतात, रक्त तपासतात. यंदाचाही स्वच्छ आला.)

डोळ्यांवरून आठवलं. बाबा, लहानपणी तुम्ही मला लिओनार्ड आणि हर्न्सची १९८१ ची फाइट सांगायचात. लिओनार्ड तिन्ही पंचांच्या गुणकार्डांवर मागे, डावा डोळा सुजून मिटत आलेला, आणि चौदाव्या राउंडमध्ये त्याने हर्न्सला दोरांवर गाठून संपवलं. उशी हातात धरून करून दाखवायचात. मी त्या गोष्टीमुळेच जिमची पायरी चढलो, ही तुमची चूक की पुण्य ते तुम्ही ठरवा. पुढच्याच वर्षी त्याच डाव्या डोळ्याचा पडदा सुटला म्हणून लिओनार्डचं ऑपरेशन झालं, हे मात्र तुम्ही कधी सांगितलं नाहीत. ते मला जिममध्ये कळलं.

आता ज्याच्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते.

वहीत अडतिसावी फाइट काढा. "हार, ३९-३७" असं असेल. समोरचा पोरगा बावीस वर्षांचा, एकही न हरलेला. त्याच्यामागे अख्खी एक गॅलरी. तिसरा राउंड संपेपर्यंत सगळं नेहमीसारखं चाललं होतं. चौथ्यात त्याने उजवा हात जरा उंचावरून टाकला आणि त्याची बरगडी उघडी पडली. मी विचार केला नाही. डावा हुक यकृतावर बसला. डोक्यावरचा ठोसा लगेच कळतो, यकृतावरचा सेकंदभराने. तो सेकंद मी पाहिला. आधी तो हसला, म्हणजे काही झालं नाही असं दाखवायला. मग त्याचा उजवा कोपर आपोआप खाली आला, तोंड उघडं पडलं आणि गुडघे एकमेकांकडे झुकले. हॉल गप्प. माझा उजवा हात मोकळा होता आणि त्याची हनुवटी समोर होती.

मी मिठी मारली.

बाबा, मला कोणी सांगितलं नव्हतं. फाइटआधी कोणी बाजूला घेतलं नव्हतं, पैसे देऊ केले नव्हते. तशी गरजच नसते. ज्याने दोन पोरांना पाडलं त्याला पुढे गुरुवारी फोन येत नाहीत, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक असतं. मी त्याला धरून ठेवला, जवळजवळ त्याचं वजन तोलून, रेफरी "सोडा" म्हणेपर्यंत. सोडवलं तेव्हा त्याला श्वास आला होता. राउंड मला मिळाला, फाइट त्याला. खाली उतरताना त्याने माझ्या कानात "थँक यू" म्हटलं. तेच लागलं. त्याला कळलं होतं.

हे खोटं खेळणं होतं का? पहिले तीन राउंड तो माझ्यापेक्षा चांगला होता, त्यात शंका नाही. त्या सेकंदाला मी दमलेला होतो हेही खरं आणि पुढच्या शनिवारचा विचार माझ्या डोक्यात आला हेही खरं. दोन्हींतलं आधी काय आलं, ते मी चार वर्षं आठवून पाहतोय. तुम्ही आयुष्यभर हिशेब चोख ठेवलात, म्हणून तुम्हाला हे सांगायचं टाळत होतो. ती नोंद खोडू नका. फक्त तुम्हाला माहीत असावं.

पुढच्या महिन्यात माझी बहात्तरावी आहे आणि ती शेवटची. लायसन्स पुन्हा काढणार नाही. कारण मोठं काही नाही. मिठीतून सुटायला पूर्वी लागायचा त्यापेक्षा निमिषभर जास्त वेळ लागतो, आणि ट्रेनरच्या ते माझ्याआधी लक्षात आलं. त्याच्या जिममध्येच पोरांना शिकवणार आहे. आणि गंमत म्हणजे या वेळी मी होम कॉर्नरमध्ये आहे. जिममधल्या मुलांनी माझ्या वतीने तिकिटं विकली. मला एकही फोन करावा लागला नाही.

समोर माझ्यासारखाच एक आहे. त्याचा रेकॉर्ड माझ्यापेक्षा वाईट, पण थांबवलेला फक्त एकदा. म्हणजे त्याला सगळं येतं. मला आता एकच धास्ती आहे: माझी शेवटची म्हणून तो मला सांभाळून घेईल. वजनाच्या दिवशी भेटलो की सांगणार आहे, तसं करू नकोस. तो मान हलवेल. मीही हलवली असती.

दोन तिकिटं पाकिटात ठेवली आहेत. इतक्या वर्षांत तुम्ही आला नाहीत आणि मी बोलावलं नाही. या वेळी या. आई, खुर्च्या मुद्दाम रिंगपासून लांब घेतल्यात, जवळून आवाज फार येतो. भुवई फुटली तर रक्त खूप दिसतं. तिथली कातडी पातळ असते, एवढंच. कॉर्नरमधला माणूस अ‍ॅड्रेनलिनचा कापूस दाबून मिनिटात थांबवतो. तू रक्ताकडे बघू नकोस, माझ्या पायांकडे बघ. पाय नीट पडत असतील तर मी नीट आहे. बाबा, तुम्हाला हातांना पट्ट्या बांधताना आत यायचं असेल तर विचारून ठेवतो. समोरच्या कॉर्नरचा एक माणूस तिथे उभा राहून प्रत्येक वेढा बघतो, मग अधिकारी टेपवर सही करतो. २००९ मध्ये शेन मोझलीशी फाइट होण्याआधी मार्गारिटो नावाच्या बॉक्सरच्या पट्ट्यांत प्लास्टरसारखं काहीतरी सापडलं आणि त्याचं लायसन्स गेलं, तेव्हापासून सगळे जास्तच डोळे लावून बसतात. वरून आठ औंसाचा ग्लोव्ह, सव्वादोनशे ग्रॅम. वेल्टरवेटच्या वर गेलं की दहाचा मिळतो.

एक अडचण आहे. छोट्या फाइटची वेळ पक्की नसते. मुख्य फाइट टीव्हीवर नसली तरी तिच्या आधी-नंतर आम्हाला जिथे जागा होईल तिथे घालतात; सातला असू शकते, साडेदहालाही. म्हणून लवकर या आणि बाबा, वही आणा. बसल्या बसल्या वेळ जाईल. जमलं तर एक रकाना जास्तीचा आखा, किती राउंड उभा राहिलो त्याचा. जुन्या पानांवर मी स्वतः भरून देईन, सगळे पाठ आहेत.

तुमचा,
धाकटा