पाय उचलू नकोस

प्रिय मनू,

काल फोनवर ओरडलो तुझ्यावर. भर पावसात गाडी पुढच्या ट्रकपासून हातभर अंतरावर थांबली, हे तू हसत सांगितलंस आणि माझं डोकंच फिरलं. आईला अजून बोललेलो नाही.

रात्रभर तुझं एकच वाक्य कानात होतं, "ब्रेकचं पेडल थरथरायला लागलं म्हणून पाय काढला, बाबा." काढलास, कारण मीच तसं शिकवलं. 'दाब, सोड, दाब, सोड' असं जुन्या गाडीवर तुझ्याकडून घोटून घेतलं. त्या गाडीला ते बरोबर होतं. चाक जाम झालं की टायर नुसता घसटत जातो आणि मग स्टिअरिंगचं ऐकत नाही. दादाच्या वेळी तेच झालं. स्टिअरिंग पूर्ण वळलेलं होतं, गाडी सरळच गेली.

तुझ्या गाडीत ते दाब-सोड एबीएस करतं, म्हणजे चाक जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा. चाकांपाशी वेग मोजणारे सेन्सर असतात. चाक जाम व्हायला आलं की झडप उघडून त्याच्या ब्रेकचा दाब कमी होतो, फिरू लागलं की पुन्हा वाढतो, एका सेकंदात कितीतरी वेळा. माझ्या पायाला ते जन्मात जमलं नसतं. ते थरथरणं, ती घरघर म्हणजे बिघाड नाही. पाय तसाच दाबून धर, मोकळं दिसेल तिकडे वळव. उचलू नकोस.

आणि एबीएस आहे म्हणून निर्धास्तही राहू नकोस. पकड शेवटी टायरचीच. सुट्या खडीवर तर थांबायला उलट जास्त अंतर लागू शकतं, कारण जाम चाक खडीत रुततं, फिरतं चाक वरून जातं. वेग दुप्पट तर ब्रेकचं अंतर चौपट. म्युनिकमध्ये काही टॅक्सींना एबीएस बसवलं, काहींना नाही; अपघात जवळपास सारखेच झाले, कारण एबीएसवाले गाडी जास्त दामटत होते. बघ, पुन्हा व्याख्यान सुरू झालं. माफ कर.

पहिल्यांदा क्लच सोडलास तेव्हा सीट पुढे ओढूनही तुझे पाय जेमतेम पोचत होते. मी हँडब्रेकवर हात ठेवून बसलो होतो. तो एकदाही ओढावा लागला नाही. हे तुला कधी सांगितलंच नाही.

रविवारी एखाद्या रिकाम्या जागी जा. मागे कोणी नाही ना बघ, पट्टा लाव आणि 40 च्या वेगात ब्रेक करकचून दाब. दोन-तीनदा कर, पायाला ती थरथर ओळखीची होऊ दे. पाय उचलू नकोस. मग फोन कर. मी ओरडणार नाही.

तुझा,
बाबा