पिशवीवरच्या दोन ओळींसाठी

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रयोगशाळेचा सिलिकाचा (वाळूत असतं त्या सिलिकॉन-ऑक्साइडचा) अहवाल मिळाला, त्याबद्दल मनापासून आभार. पण हे पत्र खरं तर उरलेल्या भुकटीच्या पिशवीवर तुम्ही चिकटवलेल्या चिठ्ठीसाठी आहे : ‘टंगस्टन कार्बाइडच्या भांड्यात दळलंय. टंगस्टन, कोबाल्ट धरू नका.’ ही माहिती कुणी मागितली नव्हती.

नमुना मराठवाड्यातल्या विहिरीच्या खोदाईतला. बेसाल्टच्या दोन प्रवाहांमध्ये अडकलेल्या जुन्या तळ्याचा पांढरट गाळ, चाकूचा ओरखडाही न उठणारा. यातली किती सिलिका तळ्याच्या पाण्यातून बसली आणि किती बेसाल्टच्या मातीबरोबर वाहून आली, एवढाच प्रश्न होता. लोणारसारख्या खाऱ्या तळ्याचा सामू (पीएच) १० च्या आसपास असतो. सामू ९ च्या वर गेला की सिलिका भराभर विरघळते, गोडं पाणी मिसळून तो उतरला की तीच तळाशी बसते. केनियातल्या मगाडी तळ्यात आधी मॅगाडिआइट नावाचं सोडियमयुक्त खनिज बसतं आणि पुढे सोडियम धुऊन जाऊन त्याचा चर्ट, म्हणजे सिलिकाचा कठीण दगड, होतो.

आता कोबाल्ट. बेसाल्टमध्ये तो दर दहा लाख भागांत चाळीस-पन्नास भाग असतो, शुद्ध चर्टमध्ये अगदी नगण्य. टंगस्टन कार्बाइडचे कण कोबाल्टनंच बांधलेले असतात आणि इतका कडक दगड दळताना भांडं झिजतं. ती चिठ्ठी नसती तर भांड्याचा कोबाल्ट बेसाल्टच्या नावावर चढला असता आणि तळ्याची सगळी कहाणीच उलटी लिहिली गेली असती. आता मातीचा वाटा भांड्यातून न येणाऱ्या अ‍ॅल्युमिना आणि स्कँडियमवरून काढता येतो.

याआधी एका प्रयोगशाळेनं हाच गाळ उघड्या भांड्यात हायड्रोफ्लुओरिक आम्लात विरघळवला. त्यात सिलिकाचा सिलिकॉन टेट्राफ्लुओराइड वायू होतो आणि उडून जातो. मग बाकीची ऑक्साइडं शंभरातून वजा केली आणि उरलं ते सिलिका म्हणून छापलं. ओपलमधलं, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या सिलिकातलं, पाणीसुद्धा सिलिकात जमा! विचारलं तर उत्तर एकच, ‘मशीनचा आकडा आहे.’ याचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही ०.२ ग्रॅम भुकटी साधारण १ ग्रॅम लिथियम मेटाबोरेट या क्षाराबरोबर १००० अंशांना वितळवलीत, तो तापलेला रस लगेच पातळ नायट्रिक आम्लात ओतून ढवळलात. द्रावण घट्ट राहिलं की सिलिकाचं जेल होतं आणि आकडा घसरतो, म्हणून ही घाई. तापवल्यावरची वजनातली घटही वेगळी दिलीत. नीट काम करणारी माणसं बरीच भेटतात. आपल्या आकड्यावर कुठपर्यंत भिस्त ठेवायची, हे आपण होऊन सांगणारी फार थोडी, आणि त्यांच्याच जोरावर आमच्यासारख्यांचा अभ्यास उभा राहतो.

पुढच्या खेपेला प्रत्येक नमुन्याचा थोडा भाग अ‍ॅगेटच्या (सिलिकाच्याच कठीण दगडाच्या) खलात वेगळा कुटून द्याल का? त्यातून सिलिकाचा अंश मिसळला तरी चालेल, तो भाग फक्त कोबाल्टसाठी ठेवू. खर्च वेगळा लावा.

आपला ऋणी,
भूरसायनाचा एक अभ्यासक