शाळेतला हौद आणि ईशानचा दात

प्रिय मंजे,

दिवाळीपासून तुला एक ओळ लिहिली नाही, रागावली असशील. माझा गुडघा आहे तसाच, यांची साखर आटोक्यात. आज बसले ते ईशानच्या दातासाठी, आणि तुझ्याही.

मंगळवारी दिवाणावरून उतरताना पाय अडकून तोंडावर पडला गं तो. हनुवटीला साधं खरचटलंही नाही, पण वरचा पुढचा दात हिरडीत घुसला. तांदळाच्या कणीएवढी पांढरी कड तेवढी दिसत होती. टॉवेल धरला होता, पण हात थरथरत होते माझे.

डॉक्टरबाईंनी एक्स-रे काढला. म्हणाल्या, या वयात हाड मऊ, म्हणून दात तुटण्यापेक्षा हलतो नाहीतर आत जातो. बहुतेकदा काही महिन्यांत आपला आपण खाली येतो. काळजी मागे तयार होणाऱ्या पक्क्या दाताची. सात-आठ वर्षांचा झाला की तो येईल, त्यावर कदाचित डाग असेल. मग बारीक पट्टीने त्यांनी मोजलं, वरचे दात खालच्यांपेक्षा ५ मिलिमीटर पुढे. ३ च्या वर गेलं की पडल्यावर दाताला लागायची भीती वाढते म्हणे. त्यात याचे ओठ मिटत नाहीत. मिटलेला ओठ धक्का झेलतो. तो नसला की दातच आधी आपटतात.

आणि मला शाळेतला हौद आठवला, मंजे. आपण दोघी एकाच शेवाळावरून घसरलो होतो. माझा गुडघा फुटला, तुझ्या दाताचा टवका उडाला. आणि "धांदरट, बघून पळता येत नाही?" म्हणून सगळ्यांदेखत ओरडले मी! चौथी संपेपर्यंत बोलली नाहीस, बरोबर केलंस. धांदरट नव्हतीस गं. तुझे दात पुढे होते, एवढंच.

मे महिन्यात तू म्हणालीस, "याचा अंगठा सोडव, दात पुढे येतायत," तेव्हाही मी तुलाच फटकारलं. आता बाई तेच सांगतात: सवय लवकर सुटली तर दात बरेचसे आपोआप मागे येतात. रात्री हाताला मोजा घालतो. ईशानने त्या मोज्याचं नाव मंजूआजी ठेवलंय, तिला पापी दिल्याशिवाय झोपत नाही.

तुझ्या गच्चीचं काम झालं का? सूनबाईंच्या परीक्षेचं कळव.

आज सकाळी टॉर्च लावून पाहिलं. कड तेवढीच आहे. सोमवारी पुन्हा दाखवायचंय. तू ये ना गं तेव्हा.

तुझी,
शुभा