खोड घोड्याची की खोगिराची?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळी शर्यतींचा हंगाम सरत आला की धावपट्टीवर ज्यांचा उपयोग उरलेला नाही असे थरोब्रेड घोडे पुण्यातील स्वारीच्या वर्गांकडे आणि माझ्यासारख्या हौशी मंडळींकडे येऊ लागतात. त्यांतील काही दोन-तीन महिन्यांतच ‘खोडीचा घोडा’ ठरून पुन्हा विकले जातात. ही खोड कशातून आली याचा शोध मात्र क्वचितच घेतला जातो. मीही तो जवळजवळ घेतला नव्हता, म्हणून हे पत्र.

गेल्या वर्षी मी शर्यतीतून निघालेला असाच सात वर्षांचा एक घोडा घेतला आणि वाघोलीच्या पुढे एका तबेल्यात ठेवला. पहिले आठ-दहा दिवस तो इतका शांत होता की आम्ही पेढे वाटले. त्यानंतर तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळायला घेतला की तो कान मागे पाडून त्याची देखभाल करणाऱ्या सइसाच्या बाहीला तोंड घालू लागला. रिकिबीत पाय ठेवताच पुढे सरके, दुडकीत शेपटी झटकत राही आणि डावीकडे वळवून दौडीत घालू गेले की दुगाण्या झाडी. सल्ल्यांना तोटा नव्हता. एकाने काटेरी लगाम आणून दिला, दुसऱ्याने चाबूक अधिक सढळ हाताने वापरायला सांगितले आणि तिसऱ्याने कपाळावरचा भोवरा दाखवून हा घोडा घराला लाभणार नाही, असे बजावले. काटे असलेला लगाम स्वारीसाठी वापरण्यास भारवाहू जनावरांविषयीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांनी मनाई केलेली आहे. तो मिळायला आम्हाला एक दिवसही लागला नाही, हे नमूद करून पुढे जातो.

उलगडा झाला तो उकाड्याच्या एका सकाळी. अर्ध्या तासाच्या स्वारीनंतर खोगीर उतरवले तेव्हा घोड्याची पाठ घामाने निथळत होती. मात्र मानेच्या मुळाशी जो उंचवटा असतो त्याच्या मागे, दोन्ही बाजूंना, तळहाताएवढे दोन पट्टे कोरडे ठणठणीत होते. “इथं याला घामच येत नाही,” सईस म्हणाला. त्याला ते रोज दिसत होते. खोगिराचा दाब एकाच जागी फार पडला की तेवढ्या भागात घाम फुटत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. त्या जागी बोटे दाबताच घोड्याने पाठ खाली घातली आणि मान वळवून माझ्याकडे पाहिले. खोगीर मी दुसऱ्या घोड्याचे, जुने, स्वस्तात घेतले होते. त्याचा सांगाडा या घोड्याला अरुंद पडत होता आणि गादीतील लोकरीच्या गाठी झाल्या होत्या. ‘खोगीरभरती’ हा शब्द आपण निरुपयोगी भरताडासाठी वापरतो, पण तो घोड्याला विचारून रूढ झालेला नसावा.

मग पशुवैद्यांना बोलावले. घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो, त्यामुळे वरच्या दाढांना गालाकडील बाजूने धार चढत जाते. आमच्या घोड्याच्या डाव्या गालात आतून जखम झालेली होती आणि लगाम डावीकडे ओढला की गाल नेमका त्या धारेवर दाबला जात होता. सारंगखेड्याच्या यात्रेतील घोडेबाजारात भोवरे किती बारकाईने मोजतात हे सर्वांना माहीत आहे. दातही पाहतात, पण ते वय कळण्यापुरते पुढचे. दाढांपर्यंत हात कोण घालणार?

दाढा कानशीने घासून घेतल्या आणि खोगीर बदलले, तेव्हा तीन-चार आठवड्यांत दुगाण्या थांबल्या. तंगाच्या वेळचा चिडकेपणा मात्र रेंगाळला. घोड्याच्या जठरात आम्ल अखंड स्रवत असते आणि पोट फार वेळ रिकामे राहिले की तिथे व्रण होतात. शर्यतीच्या घोड्यांत ते सर्रास आढळतात. ओट कमी करून लसूणघास आणि सुके गवत दिवसभर समोर ठेवल्यावर त्यातही फरक पडला. रिकिबीत पाय ठेवताच चालू लागणे ही तर खोडच नव्हती. शर्यतीचा स्वार बहुधा चालत्या घोड्यावरच चढवला जातो आणि लगाम ताणला की जोर करायचा, हे त्या घोड्याच्या अंगवळणी पडलेले असते. त्याला उभे राहायला नव्याने शिकवावे लागले, आणि ते काम अजून चालू आहे.

ब्रिटनमधील अश्ववैद्य सू डायसन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह २०१८ मध्ये स्वारीखालील घोड्याच्या २४ वर्तनांची यादी प्रसिद्ध केली. कान पाच सेकंदांहून अधिक मागे राहणे, शेपटी वारंवार झटकणे, तोंड उघडे टाकणे अशी ती लक्षणे असून त्यांतील आठ किंवा अधिक दिसल्यास हाडे-स्नायूंच्या दुखण्याची शक्यता बळावते. मी नंतर मोजली तेव्हा आमच्या घोड्यात दहा निघाली. त्या सर्वांना आम्ही हट्टीपणा म्हणत होतो.

घोडा विकणाऱ्यांनी त्याचे खोगीर, लगाम, खुराक आणि जुन्या दुखापती यांची माहिती लेखी द्यावी, आणि स्वारीच्या वर्गांनी नव्या घोड्यावर मुलांना बसवण्यापूर्वी त्याचे तोंड, पाठ आणि खूर पशुवैद्यांकडून तपासून घ्यावेत. खरेदीच्या वेळी रक्ताचा नमुनाही काढून ठेवावा, कारण पहिल्या आठवड्याचा शांतपणा कधी बुजरेपणाचा असतो, तर कधी वेदनाशामकाचा.

ते जुने खोगीर अजून तबेल्यात पडून आहे. स्वस्तात मिळेल का, म्हणून दोघे जण विचारून गेले. घोडा बरोबर घेऊन मात्र कोणीच आले नाही.

आपला नम्र,
एक वाचक, पुणे