माझी टाच हातात घेणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही मोबाइलवर फार काही वाचत नाही, हे मला ठाऊक आहे. नातीकडून वाचून घ्या. आभार चारचौघांत मानायचे म्हणून हे पत्र उघड्यावर लिहिते आहे. मला दारातूनच परत पाठवणाऱ्यांच्या नजरेस हे पडलं तर पडू दे. आणि माझ्यासारखंच एखादं पाऊल रुसून बसलेलं कुणी घरात अडकलं असेल, तर त्याच्याही उपयोगी पडू दे.

काल पहाटे मी धायरी फाट्यावरून खडकवासल्याच्या धरणापर्यंत जाऊन आले. एकटी. चौपाटीवर अजून कणसाच्या शेगड्याही पेटल्या नव्हत्या. पाण्याकडे तोंड करून ट्राईकवरच, म्हणजे माझ्या तीनचाकी सायकलवरच, बसून राहिले आणि डाव्या पायाकडे बघितलं. तुम्ही शिवलेल्या पट्ट्यात तो जिथे ठेवला होता तिथेच होता. तेव्हाच ठरवलं, घरी गेल्यावर आधी हे पत्र.

2025 च्या जानेवारीत आमच्या सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसची (गियाँ-बारे सिंड्रोमची) साथ आली, त्यात मी सापडले. आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या नसांवर उलटते असा हा आजार. आधी तळपाय बधिर झाले, मग पोटऱ्या, मग हात. हात परत आले, उजवा पाय आला. डावा पाय घोट्यातून वर उचलला जाईना, चवडा लोंबता राहिला. बावीस वर्षं शाळेत सायकलने गेलेली बाई मी. साध्या सायकलवर बसून पाहिलं, पण पायाखाली जमीन आहे की नाही हेच कळत नव्हतं; सोसायटीच्या फाटकातच पडले.

तेव्हा बावधनच्या एका गृहस्थांकडची ही ट्राईक मिळाली. हॉलंडहून परतताना त्यांनी आणलेली, पार्किंगमध्ये धूळ खात पडलेली. पुढे दोन चाकं, मागे एक, मध्ये आरामखुर्चीसारखी जाळीची सीट आणि पायडल पार पुढे, पोटाच्या उंचीवर. या आकाराला टॅडपोल म्हणतात, म्हणजे बेडूकमासा. तोल सांभाळायचा नाही, पाठीवर आणि मनगटांवर भार नाही. मला वाटलं, सुटले.

पण ती माझ्या मापाची करून कोण देणार? पहिल्या दुकानात, चांगल्या मोठ्या काचेच्या दुकानात, मला सांगितलं, "मॅडम, अपंगांच्या गाड्यांचं काम आमच्याकडे होत नाही." त्यांनी उठून गाडी पाहिलीसुद्धा नाही. दुसऱ्यांनी पंधरा दिवस ठेवून घेतली. माझे पाय पुरावेत म्हणून पायडलचा पुढचा नळा आत ढकलला आणि साखळी तशीच सोडली. नळा एक सेंटिमीटर आत आला की साखळी दोन सेंटिमीटर ढिली होते, एवढं साधं गणितही केलं नाही. माझी साखळी लोंबत होती, उड्या मारत होती. तिसऱ्याच दिवशी डावा पाय पायडलवरून निसटला.

साध्या सायकलवर पाय निसटला तर तो रस्त्याला टेकतो आणि आपण सावरतो. ट्राईकवर पाय आपल्या पुढे असतात. टाच जमिनीला लागली आणि गाडी पुढे जात असली, तर पाय मागे खेचला जाऊन आडव्या दांड्याखाली जातो. माझा गेला. हाड वाचलं, पण घोटा तीन आठवडे सुजलेला होता. मी दुकानात जाऊन सांगितलं, तर उत्तर मिळालं, "पाय वर ठेवायचा होता ना." जो पाय वर उचललाच जात नाही, त्या पायाच्या मालकिणीला हे ऐकवलं. काका, त्या वाक्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. जावा असं वाटतही नाही.

तुमचा पत्ता दिला तो टेम्पोवाल्याने. "भोसरीला एक काका आहेत, टूलरूममधून रिटायर झालेत, त्यांना दाखवा." मी आले ती परत नेण्याच्या तयारीनेच. तुम्ही गाडीभोवती एक फेरी मारलीत आणि म्हणालात, "असलं यंत्र मी पहिल्यांदाच बघतोय. थोडा वेळ द्या." इतक्या महिन्यांत "मला माहीत नाही" असं सरळ म्हणणारे तुम्ही पहिले. बाकीच्या सगळ्यांना सगळं माहीत होतं.

मग मला सीटवर बसायला सांगितलंत. आणि तुम्ही, चौऱ्याहत्तर वर्षांचे, गुडघ्याला पट्टा बांधलेले, फरशीवर माझ्या पायांशी बसलात आणि माझी डावी टाच तळहातावर घेतलीत.

मी पाय झटकन मागे घ्यायला गेले. वडिलांच्या वयाच्या माणसाने आपल्या पायाला हात लावायचा, हे अंगात मुरलेलं नाही आमच्या. पण तो पाय माझ्या हुकमाने मागे येतच नाही, तो तुमच्या हातातच राहिला. तुम्ही वरसुद्धा न बघता म्हणालात, "राहू दे. आता हळूहळू पायडल फिरव, बेटा. टाच कुठे निसटते ते मला हाताला कळू दे."

मी फिरवत राहिले आणि तुमचा हात टाचेखाली गोल फिरत राहिला. दहा फेऱ्या, वीस फेऱ्या. पायडल वरून खाली येताना एका जागी टाच जड होते, ती जागा तुम्हाला सापडली. तुम्ही डोळे मिटले होते, बेअरिंगचा आवाज ऐकतात तसे. आजारानंतर माझा पाय अनेकांनी हातात घेतला. हातोडीने ठोकला, सुईने टोचला, मापाची पट्टी लावली. तो काय करू शकत नाही ते त्या सगळ्यांनी लिहून दिलं. त्याला कुठे आधार हवा आहे, हे तुम्ही विचारलंत, आणि तेही त्या पायालाच.

घरी येताना टेम्पोत मी रडत होते. टेम्पोवाल्याने गाणी बंद केली, त्याचेही आभार.

पुढे तुम्ही जे केलंत ते सांगते, कारण वाचणाऱ्यांपैकी कुणाला तरी ते लागेल. नळा किती लांब ठेवायचा ते तुम्ही टाचेवरूनच ठरवलंत. पाठ सीटला पूर्ण टेकवायची, टाच सगळ्यात लांबच्या पायडलवर ठेवायची, तेव्हा गुडघा सरळ झाला पाहिजे. मग पाऊल नेहमीसारखं ठेवलं की गुडघा आपोआप थोडा वाकलेला राहतो. नळा आखूड राहिला तर गुडघे दुखतात. फार लांब झाला तर प्रत्येक फेरीला कंबर डावी-उजवीकडे हलते. माझ्यासाठी मात्र तुम्ही पायडल चवड्याखाली न ठेवता पावलाच्या मध्याखाली आणलंत, म्हणजे पोटरी आणि घोट्यावर ताण कमी. आणि तेवढा नळा पुन्हा आत घेतलात. साखळीच्या कड्या काढल्यात त्या मोजून, तीनदा तपासून. तिच्यात सायकलच्या दोन-तीन साखळ्या जोडलेल्या असतात, हे बघून तुम्हाला केवढी गंमत वाटली होती!

डाव्या पायडलला अॅल्युमिनियमच्या पत्र्याची टाचेपर्यंत जाणारी पट्टी लावलीत, मागे वाटीसारखा आधार आणि वरून नातीच्या जुन्या दप्तराचा पट्टा. बकल एका झटक्यात सुटेल असंच हवं, म्हणून दोन बदललीत. दुचाकीवर पाय असा बांधून घेणं धोक्याचं, कारण थांबताना तो खाली टेकवावा लागतो. ट्राईक थांबली तरी उभीच राहते, पाय खाली न्यायचाच नसतो. म्हणून हा पट्टा किंवा पायडलमध्ये अडकणारे क्लिपचे बूट, काहीतरी एक पायाला धरून ठेवणारं हवंच, पाय धडधाकट असले तरी. ट्राईक घेणाऱ्या कुणालाही मी आता सगळ्यात आधी हेच सांगते, घंटी आणि दिव्याच्याही आधी.

पुढच्या टायरांचं रबर एका कडेने खरवडल्यासारखं झालेलं तुम्हालाच दिसलं. टेप घेऊन दोन चाकांमधलं अंतर पुढून मोजलंत, मागून मोजलंत. पुढून जास्त भरलं. चाकं बाहेर बघत होती आणि रस्त्यावर घासत चालली होती. जोडदांडी फिरवून पुढचं माप मागच्यापेक्षा मिलिमीटर-दोन मिलिमीटरने कमी केलंत, आणि गाडी हातात एकदम हलकी झाली.

तुमची बाकीची वाक्यं मी वहीत उतरवून घेतली आहेत. दोन ब्रेक दोन चाकांचे, म्हणून ते कायम बरोबर दाबायचे. एकच दाबला तर गाडी त्या बाजूला ओढते. वळणाच्या आधी वेग कमी करायचा आणि अंग आतल्या बाजूला झुकवायचं, नाहीतर आतलं चाक उचलतं. सिग्नलला थांबायच्या आधीच गिअर हलका करायचा, कारण पायडल फिरल्याशिवाय तो पडत नाही आणि इथे उभं राहून जोर लावता येत नाही. चढावर घाई नको. चालण्याच्या वेगाने गेलं तरी ही गाडी पडत नाही. बसताना-उठताना ब्रेकच्या दांडीला जुन्या ट्यूबचं रबर अडकवायचं, म्हणजे गाडी आपल्याखालून सरकत नाही. यातलं शेवटचं रबर तुमच्या हातचं आहे आणि ते मी कुणालाही देणार नाही.

थोडं मीही शिकले. मान वळवून मागचं दिसत नाही, म्हणून आरसे दोन्ही बाजूंना, पण आपल्याकडे गाड्या उजवीकडून ओलांडतात तेव्हा उजवा आधी. मागे उंच काठीला माझ्या नारिंगी ओढणीचं निशाण आहे आणि तांबडा लुकलुकता दिवा मी दिवसाही लावते, कारण बसच्या ड्रायव्हरला एवढ्या खाली कुणी असेल हे सुचतच नाही. पुढची चाकं कोपरांशेजारी असल्यामुळे मडगार्डशिवाय पावसात निघू नये, सगळा चिखल बाहीवर येतो. खड्डे चुकवणं अवघड जातं, कारण एक चाक वाचवलं की दुसरं सापडतं. आणि भटकी कुत्री थेट डोळ्यांत डोळे घालून बघतात. मी थांबते, बोलते, मग ती जाऊ देतात. मांड्या पहिले दोन महिने भरून येत होत्या, वेगळेच स्नायू लागतात. आता नाही.

काका, त्या दिवशी तुम्ही विचारलं होतंत की ही गाडी आजाऱ्यांसाठीच काढली का. मी नंतर वाचलं. 1933 च्या जुलैमध्ये पॅरिसमध्ये फ्रान्सिस फोर नावाच्या सायकलपटूने शार्ल मोशे यांनी बनवलेल्या अशाच मागे रेलून चालवायच्या सायकलवर तासाभरात 45.055 किलोमीटर अंतर कापलं आणि 1914 पासूनचा विक्रम मोडला. तो काही त्या काळचा अव्वल गडी नव्हता. मग आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने 1934 मध्ये सायकल कशाला म्हणायचं याचे नियमच असे केले की या सायकली शर्यतींतून बाहेर गेल्या. हे त्या काचेच्या दुकानातल्या माणसाला जाऊन सांगावं असं मला फार वाटतं. तुम्हाला सांगितलं की तुम्ही म्हणाल, "त्याला कशाला, पोरांना सांग." म्हणून शाळेत सांगितलं. पोरांनी गाडीवर बसण्यासाठी रांग लावली.

आणखी एक राहिलं. तुम्ही माझ्याकडून पैसे घेतलेत. कागदावर ओळीने लिहून दिलंत: पत्रा, बकल, साखळीचं लॉक, मजुरी. मी जास्त द्यायला लागले तर ते परत केलेत, आणि सूट द्या असं मी म्हटलं असतं तर तीही दिली नसतीत. त्या वर्षभरात लोक मला फुकट द्यायला निघाले होते, नाहीतर फसवायला. तुम्ही मला गिऱ्हाईक मानलंत. तो कागद मी सीटच्या मागच्या पिशवीत ठेवला आहे, प्लॅस्टिकमध्ये घालून. त्यात टाच धरून बसल्याच्या त्या अर्ध्या तासाचा आकडा कुठेच नाही.

दप्तराचा पट्टा आता बकलापाशी थोडा विरलाय, दोन धागे सुटलेत. येत्या शनिवारी सकाळी येते. या वेळी टेम्पो नाही, नाशिक फाट्यापर्यंत कुणीतरी सोबत असेल, तिथून पुढे मी एकटीच चालवत येईन. चहा मी आणते. तुम्ही मात्र फरशीवर बसायचं नाही. मी गाडी उंच ठेवता येईल असा लाकडी चौरंग करून घेतला आहे, तो बरोबर आणते आहे.

तुमची,
डाव्या पायाची मास्तरीण
धायरी, पुणे